चौथ्या प्रश्नाचं उत्तर

बाईंनी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं आणि त्यातली एकवीस वर्षं परीक्षांचं काम पाहिलं. कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मोज्यातली चिठ्ठी, पट्टीमागे पेन्सिलीने लिहिलेली सूत्रं, ठरवून खोकणं, सगळं त्यांना वर्गाच्या दारातूनच दिसायचं. एकदा शाळेच्या अध्यक्षांचा भाचाच सापडला. अध्यक्ष स्वतः येऊन दोन तास बसले, चहा पिऊन गेले, पण बाईंनी त्या पोराला पेपर काही परत दिला नाही. अशा या बाईंनी निवृत्तीनंतर चार वर्षांनी, एका मोठ्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, आपल्या सख्ख्या नवऱ्याला कॉपी करायला शिकवलं.

नवरा पेंटर. चित्रं काढणारा नव्हे, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं, सगळे पेंटरच म्हणत. लग्नाआधी ते शाळेची पाटी रंगवायला आले होते. बाई तेव्हा नुकत्याच नोकरीला लागलेल्या, चुका काढण्याचा उत्साह दांडगा. शिडीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "पाटी डावीकडे झुकलीय." पेंटरांनी खाली न बघताच उत्तर दिलं, "बाई, पाटी सरळ आहे. मान सरळ करा." बाईंनी मान सरळ केली, तर पाटी खरंच सरळ होती.

त्या दिवसापासून लग्नाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत पेंटरांनी बायकोला नावाने हाक मारली नाही. बाई, नाहीतर हेडमास्तरीण. बाई हेडमास्तरीण कधीच झाल्या नाहीत, हा भाग वेगळा. पाहुण्यांशी ओळख करून देताना "ही माझी बायको" एवढे तीन शब्द काही त्या माणसाच्या तोंडून बाहेर पडत नसत. "ह्या आमच्या हेडमास्तरीण, ह्यांच्यापुढे नखं कापून यायचं," असं सांगायचे. बाई वरवर चिडायच्या. जित्याची खोड, म्हणून सोडून द्यायच्या.

दुखणं लक्षात आलं तेही पाटीमुळेच. एका दातांच्या डॉक्टरांनी पाटी परत पाठवली, ओळी खाली उतरत गेल्यात म्हणून. पेंटर तणतणले, "दात बघता बघता डोळे गेलेत त्याचे." बाईंनी पाटीसमोर उभं राहून मान सरळ केली. मग पुन्हा केली. पाटी वाकडीच होती.

मग तपासण्या झाल्या, मेंदूचे फोटो निघाले आणि कपाळामागे लिंबाएवढी गाठ आहे असं कळलं. कॅन्सर नव्हता, पण गाठ काढायलाच हवी होती. पेंटर म्हणाले, "चला, माझ्या डोक्यात काहीतरी आहे हे एकदाचं सिद्ध झालं."

हॉस्पिटल शिकवणारं होतं. रोज सकाळी आठला मिरवणूक यायची. पुढे मोठे डॉक्टर, म्हणजे मेंदूच्या विभागाचे प्रमुख. त्यांच्या मागे हाताखालचे, त्यांच्या मागे शिकणारे आणि सगळ्यांत शेवटी करकरीत नवे कोट घातलेली मुलं-मुली, वह्या छातीशी धरून. मोठे डॉक्टर एखाद्या कॉटपाशी थांबून कुणाला तरी प्रश्न विचारायचे आणि ज्याला विचारला त्याचा चेहरा खर्रकन उतरायचा. हे पाहून बाईंना धीर आला. ऑपरेशनसाठी रजा काढून आलेल्या लेकीला त्या म्हणाल्या, "शाळाच आहे गं ही. इथे आपल्याला काही अवघड जाणार नाही."

ऑपरेशन सोमवारी झालं, सात तास चाललं. मोठ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन टोपी काढली आणि गाठ पूर्ण निघाली असं सांगितलं. आता माणूस परत कसा येतो ते बघायचं, असंही म्हणाले. ते दुसरं वाक्य त्या वेळी कुणाच्या कानात शिरलं नाही.

पेंटरांना आठ कॉटच्या खोलीत ठेवलं. तिथे दिवसा घरच्या एका माणसाला बसू देत. प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला असायचा आणि तक्त्यावर चार चौकोन. रोज सकाळी छोट्या डॉक्टर येऊन चार प्रश्न विचारायच्या. छोट्या म्हणजे वयाने आणि हुद्द्यानेही. शिकण्याचं तिसरं वर्ष, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, खिशात अर्धी खाल्लेली बिस्किटं. प्रश्न ठरलेले होते आणि क्रमही ठरलेला. तुमचं नाव काय? आपण कुठे आहोत? आज वार कोणता? आणि बाईंकडे बोट करून, ह्या कोण? बरोबर उत्तराला बरोबरची खूण. तीन दिवस लागोपाठ चारपैकी चार मिळाले की खालच्या वॉर्डात आणि तिथून आठवड्याभरात घरी. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तसाच हा प्रकार.

आणि नाही मिळाले तर मागची इमारत. शेजारच्या कॉटवरच्या पोस्टमास्तरांना वार सांगता येत नव्हता, बायकोला ते बहीण म्हणत. बुधवारी त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून मागच्या इमारतीत नेलं, तेव्हा त्यांची बायको भिंतीला धरून चालत होती. लिफ्टवाल्याने बाईंना आपणहून माहिती पुरवली. "तिकडे गेलेला माणूस सहा-सहा महिने येत नाही हो. काही तर येतच नाहीत." बाईंनी तेव्हापासून खिडकीचा पडदा ओढून घेतला, कारण खिडकीतून ती इमारत दिसत होती.

गुरुवारी मोठे डॉक्टर स्वतः पेंटरांच्या कॉटपाशी थांबले. मागे वीसेक माणसं.

"नाव काय तुमचं?"

पेंटरांनी नाव सांगितलं. डोक्याला पांढरी पट्टी, एक डोळा सुजलेला, आवाज बारीक.

"आपण कुठे आहोत?"

"सासुरवाडीत," पेंटर म्हणाले. "इतकी बडदास्त दुसरीकडे कुठे ठेवतात?"

नवे कोट खुदकन हसले. मोठ्या डॉक्टरांनी मागे पाहिलं आणि ते गप्प झाले. "आज वार कोणता?"

"अंघोळीचा नाही एवढं नक्की."

"आणि ह्या कोण?"

पेंटरांनी सुजलेला डोळासुद्धा उघडायचा प्रयत्न केला. "ह्या हेडमास्तरीण. सांभाळून हं, डॉक्टर. तुमचा कोट चुरगळलाय."

मोठे डॉक्टर हाताखालच्यांकडे वळले. त्यांना अजून सात कॉट बघायच्या होत्या आणि नऊला ऑपरेशन होतं. "स्थळ, वेळ, व्यक्ती, तिन्हीत गोंधळ. तीन-चार दिवस बघू. नाहीतर मागच्या इमारतीचा विचार करावा लागेल." छोट्या डॉक्टरांनी तक्त्यावर तीन फुल्या मारल्या. मिरवणूक पुढे गेली.

त्या खोलीत एक वयस्क सिस्टर होत्या, केस पिकलेले, चाल जड. त्या सलाइन बदलता बदलता म्हणाल्या, "बाई, तुम्ही घाबरू नका. जो पेशंट माझी चेष्टा करतो ना, तो घरी जातो. तीस वर्षांचा अनुभव आहे." हे वाक्य बाईंनी घट्ट धरून ठेवायला हवं होतं. पण बाईंना तक्त्यावरच्या फुल्या दिसत होत्या, आणि चारपैकी एक म्हणजे नापास.

शुक्रवारी सकाळी सातला त्यांनी नवऱ्याची शिकवणी घेतली. कुणी ऐकू नये म्हणून कॉटभोवतीचा पडदा ओढला. "नाव पूर्ण सांगायचं, आडनावासकट. कुठे आहोत, तर हॉस्पिटल, तिसरा मजला. वार शुक्रवार. आणि मी कोण म्हटलं की, माझी बायको. म्हणा."

"तोंडीला किती मार्क?" पेंटरांनी विचारलं.

"अहो, म्हणा."

त्यांनी म्हटलं. बाईंनी चारदा म्हणवून घेतलं. आठला छोट्या डॉक्टर आल्या, पेंटरांनी तीन उत्तरं शहाण्या मुलासारखी दिली. चौथ्याला त्यांनी बाईंकडे बघून हळूच डोळा मिचकावला आणि म्हणाले, "ह्या? ह्यांनी पेपर फोडलाय. ह्यांना आधी बाहेर काढा." छोट्या डॉक्टर हसल्या, पण पेन हवेत धरून त्यांनी क्षणभर विचार केला आणि चौथ्या चौकोनात फुली मारली. त्यांचाही इलाज नव्हता. तक्त्यावर थट्टेसाठी चौकोन नव्हता.

त्या गेल्यावर बाईंचा तोल सुटला. "तुम्हाला मागच्या इमारतीत जायचंय का? सगळीकडे नाटकं! तुमची थट्टा माझ्या जिवावर उठलीय, कळतंय का तुम्हाला?" असं त्या म्हणाल्या आणि कधी नव्हे ते रडल्या, सगळ्या खोलीसमोर. चौतीस वर्षांत वर्गात रडल्या नव्हत्या.

पेंटरांनी सलाइनची नळी सांभाळत हात पुढे केला. "बरं. माझी बायको. झालं? आता रडू नकोस."

त्यांनी स्वतःच्या मनाने उच्चारलेलं ते शेवटचं वाक्य. बाईंना हे तेव्हा कुठून कळणार? त्यांनी पदराने डोळे पुसले आणि शिकवणी पुढे चालू ठेवली.

शनिवारी चारपैकी चार. लेक त्या दुपारी निघाली, रजा संपली होती, जाताना म्हणाली, "आई, बाबा एकदम सुधारले गं." रविवारीही चारपैकी चार. फक्त शिकवणीला वेळ जास्त लागायला लागला. वार दहा-दहादा सांगावा लागे. उत्तरं मात्र एकदा बसली की पक्की बसत. बाईंना असे विद्यार्थी ठाऊक होते. अशी मुलं पाढे धडाधड म्हणतात आणि मध्येच सात साते किती विचारलं की पुन्हा सात एके पासून सुरुवात करतात. पोपटपंची म्हणून त्यांनी अशा मुलांना कितीदा टोकलं होतं. पण आपलं माणूस पास होत असताना कुणाला असलं काही आठवतं?

रविवारी सिस्टरांनी विचारलं, "आज थट्टा नाही पेंटरसाहेब?" पेंटर छताकडे बघत होते. बाईच म्हणाल्या, "शहाणे झालेत आता." सिस्टर हसल्या नाहीत. "शहाणे पेशंट मला नाही आवडत," म्हणाल्या आणि घरी गेल्या. सोमवारी त्यांची सुट्टी होती.

रविवारी दुपारीच चादर ओली झाली. बाईंना नवऱ्याची लाज वाटू द्यायची नव्हती. मदतनीस मावशींना त्या म्हणाल्या, माझ्याच हातून पाण्याचा ग्लास सांडला. सोमवारी जेवताना चमचा तोंडात असतानाच पेंटरांचा डोळा लागला. छोट्या डॉक्टरांनी विचारलं, "काकू, झोप जास्त वाटते का?" बाई म्हणाल्या, "शेजारच्या मशीनच्या आवाजाने रात्री झोपच लागत नाही हो त्यांना." छोट्या डॉक्टरांनी तक्ता पाहिला. चार खुणा, कालच्या चार, परवाच्या चार. त्या पुढच्या कॉटकडे गेल्या.

मंगळवारी मोठे डॉक्टर आले. नाव, आडनावासकट. हॉस्पिटल, तिसरा मजला. मंगळवार. माझी बायको. मोठ्या डॉक्टरांनी मागे वळून नव्या कोटांना सांगितलं, "पाहा, गुरुवारी हा माणूस सासुरवाडीत होता." सगळे हसले. बाईही हसल्या. दुपारी बाराला पेंटरांना दुसऱ्या मजल्यावरच्या साध्या वॉर्डात हलवलं. बाईंनी लेकीला फोन केला. "पास झाले," म्हणाल्या.

दुपारी तीनला सिस्टर त्यांना भेटायला खाली आल्या. हातात पाण्याचा ग्लास होता.

"पेंटरसाहेब, आम्हाला सोडून आलात होय? पाणी हवंय?"

पेंटरांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.

"ते ठाऊक आहे हो मला. डोकं दुखतंय का?"

"हॉस्पिटल. तिसरा मजला."

सिस्टरांनी ग्लास खाली ठेवला. "माझा हात धरा बघू. घट्ट."

"मंगळवार," पेंटर म्हणाले. त्यांचा हात चादरीवरून हलला नाही.

सिस्टर कॉटवर वाकल्या, त्यांच्या डोळ्यांत बघायला लागल्या. पेंटरांनी सिस्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, "माझी बायको."

त्यानंतर जी धावपळ झाली ती बाईंना तुकड्यातुकड्यांनीच आठवते. सिस्टर जड चालीच्या, पण त्या पळाल्या. छोट्या डॉक्टर जिन्याने आल्या, लिफ्टची वाट न बघता. पुन्हा मेंदूचा फोटो, पुन्हा सह्या, पुन्हा ऑपरेशनच्या खोलीचा हिरवा दरवाजा. मेंदूतलं पाणी वाहून जायची वाट तुंबली होती. पाणी दोन-तीन दिवस आत साठत राहिलं होतं आणि मेंदू दाबला जात होता. झोप येणं, चादर ओली होणं, गप्प होणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. नळी घालून पाणी काढलं. जीव वाचला. मात्र दबलेला भाग उभारी धरेना.

बुधवार गेला, गुरुवार आला. पेंटर डोळे उघडत होते, चमच्याने भरवलं तर गिळत होते. छोट्या डॉक्टर दर तासाला येऊन बघून जात होत्या. गुरुवारी दुपारी बाईंना त्या जिन्याच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. मांडीवर कागद होता, त्यावर काहीतरी लिहून खोडलेलं.

"काय लिहिताय?" बाईंनी विचारलं. सवयीचा प्रश्न.

"उद्या आमची बैठक असते, काकू. महिनाभरात काय चुकलं, त्याची. ज्याचा पेशंट त्याने उभं राहून सांगायचं." त्या कागदाकडेच बघत होत्या. "मी सांगणार आहे, की तीन दिवस मी खुणा केल्या आणि माणसाकडे बघितलं नाही. रविवारी फोटो काढला असता तर कदाचित... कदाचितच म्हणते मी. पण ते नीट उत्तरं देत होते हो. मला कळतच नाही, इतकी नीट उत्तरं कशी देत होते."

बाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. अशी मान खाली घातलेली मुलगी त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती. पण या वेळी कॉपी दुसऱ्याची होती आणि शिक्षा हिला होणार होती. गप्प बसणं सोपं होतं. कुणाला कळलं नसतं. एक क्षणभर बाई गप्प बसल्यादेखील, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग त्यांनी सांगितलं. पडदा ओढून घेतलेली शिकवणी, चादर, ग्लास, मशीनच्या आवाजाची थाप, सगळं, जसं घडलं त्या क्रमाने.

छोट्या डॉक्टरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "चादरीचं तरी सांगायचं होतंत, काकू! एवढं एक सांगितलं असतंत ना..." बाईंनी ऐकून घेतलं. ऐकायलाच हवं होतं. जरा वेळाने छोट्या डॉक्टर नाक पुसून म्हणाल्या, "पण मीही रोज तेच चार प्रश्न विचारले. त्याच क्रमाने."

"वर्षानुवर्षं तोच पेपर काढणाऱ्या मास्तरांना मी फार बोललेय," बाई म्हणाल्या. "मुलं पाठ करणारच, म्हणायची मी. पण म्हणून काय पाठ करून घेणारा सुटतो?"

बैठकीत घरच्यांना जाता येत नव्हतं. बाईंनी मग पत्र लिहिलं, रेघांच्या कागदावर, समास सोडून. कुठल्या दिवशी काय पढवलं आणि काय लपवलं, सगळं मांडलं. खाली सही केली. छोट्या डॉक्टरांनी ते शुक्रवारी वाचून दाखवलं.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. मागे कोणी नव्हतं. त्यांनी कॉटखालचं स्टूल ओढलं आणि बसले. त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"तुमचं पत्र ऐकलं," ते म्हणाले. "तुम्ही आमच्याशी खोटं बोललात, ते वाईटच झालं. पण त्या गुरुवारी हा माणूस सासुरवाडी म्हणाला, तेव्हा त्याचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर होतं. मी त्याला नापास केलं. तुम्ही त्याच्यानंतर पढवलंत." मग त्यांनी विचारलं, "नेहमी असेच बोलायचे का?"

"सदतीस वर्षं," बाई म्हणाल्या. "एकदाही सरळ उत्तर दिलं नाही."

मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली. उठताना त्यांनी नकळत आपला कोट हाताने सारखा केला. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचे तक्ते बदलले. प्रश्न रोज वेगळे आले, आणि खाली पाचवा चौकोन आला. घरच्यांना विचारा, माणूस नेहमीसारखा वाटतो का? छोट्या डॉक्टरांनी नवा तक्ता बाईंना आणून दाखवला. बाईंनी तो वाचला, चांगला आहे म्हणाल्या आणि परत दिला.

मग मागची इमारत आलीच. तिथे गेल्यावर बाईंना आणखी एक तडाखा बसला, कारण इमारत चांगली होती. तळमजल्यावर मोठ्या खिडक्या, बाहेर गवत, भिंतीला धरून चालायला लाकडी कठडे. व्यायाम शिकवणारी माणसं मोठमोठ्याने हसत-बोलत. दारातच पोस्टमास्तर भेटले, वॉकर ढकलत येत होते. "आज गुरुवार," त्यांनी न विचारताच सांगितलं आणि शेजारी उभ्या बायकोकडे बोट केलं, "आणि ही बहीण नाही." दोघं खळखळून हसली. पुढच्या महिन्यात ते घरी जायचे होते. ज्या दाराला भिऊन बाईंनी एवढं सगळं केलं, ते हे दार.

पेंटर आधाराने चालतात. हातात चमचा दिला तर जेवतात. एकदा व्यायामवालीने त्यांच्या हातात ब्रश दिला, तर त्यांनी तो नुसता धरून ठेवला, संध्याकाळपर्यंत. बोलतात ती चारच उत्तरं. काहीही विचारा, उत्तरं त्याच क्रमाने येतात आणि चौथं संपलं की पुन्हा पहिलं. तिथे त्यांचा कायम मंगळवार असतो.

बाईंनी मग त्यातूनही वाट काढली. उत्तरं ठरलेली असतील तर प्रश्न त्यांच्या मापाचे बेतायचे. शेजारीपाजारी, जुनी गिऱ्हाइकं भेटायला आली की बाई पुढे होऊन विचारत, "नाव सांगा बघू ह्यांना. कुठे आहोत आपण?" मंगळवारी माणसं आली तर वारही विचारत, एरवी तिसरं उत्तर खोकल्यात बुडवून टाकत. शेवटी, "आणि मी कोण?" माणसं म्हणत, "सुधारतायत हो." बाई मान डोलवत. पेपर फोडायचा तो त्यांनी आधीच फोडला होता, आता उत्तरं बघून प्रश्न काढत होत्या.

लेक आली ती रविवारी. तिने बाईंना थांबवलं आणि वडिलांपुढे गुडघ्यांवर बसून स्वतःचा प्रश्न विचारला. "बाबा, मी कोण?" पेंटरांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं. "बाबा, मी आलेय. बघा ना." हॉस्पिटल, तिसरा मजला. ती उठली. बाई घाईने म्हणाल्या, "अगं, तसं नाही विचारायचं, क्रम आहे त्याला, मी तुला..."

"आई, पुरे कर," लेक म्हणाली. "कोणासाठी चाललंय हे सगळं?" आणि ती गवतावर जाऊन उभी राहिली, इमारतीकडे पाठ करून.

बाईंनी खुर्ची ओढली आणि नवऱ्याच्या समोर बसल्या. पडदा ओढला नाही. कोणीही ऐकलं तरी चालणार होतं.

"वार कोणता?"

"मंगळवार."

"मी कोण?"

"माझी बायको," पेंटर म्हणाले. उच्चार स्वच्छ होते, बाईंनी घोकून घेतलेले. उत्तर बरोबर होतं. त्यात काढायला एक चूक नव्हती, आणि त्यात पेंटर कुठेच नव्हते. सासुरवाडी म्हणणारा, पेपर फोडला म्हणून चारचौघांत चहाडी करणारा तो माणूस त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला होता. त्यांना त्याची एक चूक हवी होती. एकच.

"चूक," बाई म्हणाल्या.

पेंटर त्यांच्याकडे बघत राहिले.

बाईंनी मान डावीकडे झुकवली, शिडीखाली उभ्या होत्या तेव्हा झुकवली होती तेवढीच, आणि वाट पाहिली. बाहेर लेकीने डोळे पुसले, मागे वळून खिडकीकडे पाहिलं. आई अशी मान वाकडी करून का बसलीय ते तिला कळेना. पेंटरांचे ओठ हलले. बाई पुढे झुकल्या.

त्यांनी आपलं नाव सांगितलं, आडनावासकट.

"चूक," बाई म्हणाल्या, मान तशीच ठेवून. "पुन्हा."